फी पेरणीच्या तोंडावर, शिष्यवृत्ती पुढच्या पेरणीला



जिल्ह्याच्या बैठकीत कांद्याच्या भावावर बोलणे होते, वीजबिलावर होते, पीककर्जाच्या वसुलीवर तर तासन् तास होते. पोराच्या कॉलेजच्या फीवर मात्र कोणी उभा राहून बोलत नाही. बैठक संपली की चहाच्या टपरीवर मग हळूच विषय निघतो. कोणी म्हणतो, बैलजोडी काढली. कोणी म्हणतो, सोसायटीचे नवे-जुने केले त्यातच भागवले. कोणी काहीच बोलत नाही, आणि त्याच्या पोरीचे नाव कॉलेजातून कमी झाल्याचे आम्हाला सहा महिन्यांनी कळते. ही घरातली गोष्ट आहे, चारचौघांत कशाला, असे ज्याला त्याला वाटते. आमचे म्हणणे वेगळे आहे. बियाणे, खत, मजुरी आणि डिझेल यांच्या बरोबरीने कॉलेजची फी हा आता शेतकऱ्याच्या घरचा ठरलेला खर्च झाला आहे. ज्या खर्चापायी जमिनी गहाण पडतात, तो चळवळीचा विषय झालाच पाहिजे.

हा खर्च आपल्या डोक्यावर आला कसा, ते आधी बघू. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ सालापासून बहुजनांच्या पोरांसाठी वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, पुढे साताऱ्यात बोर्डिंग काढले. पोरांनी राबायचे आणि शिकायचे, गावाने मूठमूठ धान्य द्यायचे, असा तो व्यवहार होता. वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी हेच केले. यातल्या कुणीही शेतकऱ्याच्या पोराला फीसाठी सावकाराच्या दारात पाठवले नाही. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला बाराशे रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांच्या मुलांची फी माफ झाली. ईबीसी, ईबीसी म्हणून जुनी माणसे अजून बोलतात ती हीच सवलत. आज साठी-सत्तरीत असलेले कितीतरी शेतकऱ्यांचे मुलगे तिच्यावर पदवीधर झाले. मग १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, हे खरे. कर्नाटकात देणग्या देऊन जाणारी मुले इथेच राहिली, हेही खरे. पण त्या दिवसापासून शिक्षणाचा खर्च सरकारच्या खात्यावरून उतरला आणि बापाच्या सातबाऱ्यावर चढला. शिष्यवृत्त्यांचे सगळे जंजाळ हे त्या चढलेल्या बोजावर मागाहून लावलेले ठिगळ आहे.

ठिगळ असले तरी ते आपल्या हक्काचे आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्यातल्या पुष्कळांना फॉर्म भरण्याची लाज वाटते. सवलत घेणे म्हणजे हात पसरणे, अशी समजूत आहे. शेतमालाचे भाव निर्यातबंदी लावून, साठ्यावर मर्यादा घालून पाडले गेले, ते पैसे कुणाच्या खिशातून गेले? त्यातला चवलीभर भाग पोराच्या फीच्या रूपाने परत येत असेल तर त्याला भीक म्हणू नका. कर्मचारी आपला प्रवासभत्ता मागताना लाजत नाही.

काय मिळते, कोणाला मिळते

राज्यातल्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज आता महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर भरले जातात. ठिबकच्या आणि अवजारांच्या अनुदानासाठी हे नाव तुमच्या ओळखीचे आहेच. त्याचीच ही दुसरी खोली.

खुल्या गटातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम शासन भरते. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ही सवलत पूर्ण झाली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. ज्या घरात मुलीला बारावीनंतर घरी बसवायचे ठरत होते, त्या घराने हा हिशेब पुन्हा मांडावा. अभियांत्रिकीला मुलाची निम्मी फी भरावी लागते, मुलीची भरावी लागत नाही. पोरगी शिकवणे आता पोरापेक्षा स्वस्त आहे. सासरी जाणाऱ्या पोरीवर खर्च कशाला, असे म्हणणाऱ्यांचे तोंड निदान फीपुरते तरी बंद व्हावे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळते, त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप आहे. आदिवासी, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग यांच्या योजना निराळ्या आहेत आणि त्यांच्या उत्पन्नाच्या मर्यादाही निराळ्या आहेत. शेजाऱ्याने भरला तोच फॉर्म आपण भरला, असे करू नका.

फीपेक्षा मोठा खर्च शहरात राहण्याचा. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे आणि ती अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून काढलेली आहे. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेला, म्हणजे आपल्या बैठकीत बसलेल्यांतला बहुतेक प्रत्येक जण. रक्कम शहराप्रमाणे कमी-जास्त असते. या योजनेचे नाव आम्ही गावोगाव विचारले तर फार थोड्यांना माहीत असते. जिचे नाव एका शेतकरी नेत्याचे, जी शेतकऱ्यासाठी, तीच शेतकऱ्याला ठाऊक नाही! अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम् आणि इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांच्या मुलांना सावित्रीबाई फुले आधार योजना अशाच कामासाठी आहेत. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून खोली भाड्याने घेतलेल्यांनी त्या बघाव्यात.

केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. बारावीला आपल्या मंडळात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांना पदवीसाठी वर्षाला १२,००० रुपये मिळू शकतात. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी 'प्रगती' नावाची योजना आहे. तिच्यात वर्षाला ५०,००० रुपये आहेत आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत ती मिळते. शिवाय आठ लाखांच्या आतल्यांसाठी अभियांत्रिकी आणि पदविकेच्या प्रत्येक वर्गात पाच टक्के वाढीव जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात. त्या प्रवेशाच्या वेळीच मागाव्या लागतात, मागाहून मिळत नाहीत.

एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावावी अशी. यातला बराचसा फायदा केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, प्रवेश घेणाऱ्यालाच आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला तो नाही. कॉलेजचा माणूस जूनमध्येच फोन करतो, 'काका, जागा राखून ठेवतो, दहा हजार भरून टाका' म्हणतो, आणि घाबरून आपण भरतो. ती दहा हजारांची पावती म्हणजे पुढल्या चार वर्षांच्या शिष्यवृत्तीवर सोडलेले पाणी असू शकते. कॅपच्या फेऱ्या होऊ द्याव्यात. आपल्याकडे जागा जास्त आणि पोरे कमी अशी कितीतरी कॉलेजे आहेत. घाई कॉलेजला असते, आपल्याला नाही.

उत्पन्नाचा दाखला आणि पाच एकरांचे पाप

आता ज्या कागदावर सगळे अडते, तो उत्पन्नाचा दाखला. नोकरदाराला कचेरीतून फॉर्म सोळा मिळतो, त्यावर आकडा छापलेला असतो. शेतकऱ्याचा आकडा तलाठी अंदाजाने लिहितो. आमच्या पाहण्यात असे दाखले आहेत की, ज्या वर्षी पावसाने सोयाबीन शेतातच कुजले, त्याही वर्षी आदल्या वर्षीपेक्षा उत्पन्न चढलेले! विचारले तर उत्तर मिळाले, 'दरवर्षी थोडे वाढवावे लागते.' तेव्हा चौकशीच्या वेळी आपला हिशेब घेऊन जा. बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, खताच्या पावत्या, पंचनाम्याची नक्कल बरोबर ठेवा. उत्पन्न म्हणजे आलेली पट्टी नव्हे, खर्च जाऊन उरलेले ते उत्पन्न, हे कचेरीत ठासून सांगावे लागते. हे वाक्य आपण भावाच्या आंदोलनात इतक्या वर्षांपासून सांगत आलो आहोत. तहसीलच्या खिडकीवर ते विसरू नये.

दाखला देण्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. अर्ज दिल्याची पोच घ्या, तिच्यावर मुदत असते. मुदतीत दाखला मिळाला नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. प्रतिज्ञापत्राला पाचशेचा मुद्रांक लागतो, असे सांगून पोरांना पळवणारे दलाल तहसीलच्या आवारात बसलेले असतात. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालते. २०२५ साली महसूलमंत्र्यांनी हे पुन्हा जाहीरही केले. दलालाच्या कानापर्यंत ते गेले नसेल तर आपण न्यावे.

इतर मागासवर्गाच्या मुलांना नॉन-क्रीमी लेअरचे प्रमाणपत्र लागते. तिथे अजून एक गफलत सर्रास होते. केंद्राने १९९३ साली जे निकष ठरवले, त्यांत उत्पन्नाच्या कसोटीला पगार आणि शेती यांचे उत्पन्न मिळवू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. जमिनीची कसोटी स्वतंत्र आहे. ओलिताची जमीन कमाल धारणेच्या ८५ टक्क्यांच्या घरात गेली तर क्रीमी लेअर लागतो. तेव्हा चार एकर बागायत आहे म्हणून कुणी प्रमाणपत्र नाकारत असेल, तर त्याच्याकडून कारण लेखी घ्यावे. शिष्यवृत्तीच्या उत्पन्न मर्यादेत मात्र शेतीचे उत्पन्न धरले जाते. दोन कागद, दोन हिशेब. घोळ नको.

आणि आता त्या पाच एकरांविषयी. २०१९ साली घटनेत १०३ वी दुरुस्ती झाली, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना दहा टक्के जागा मिळाल्या. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. पण केंद्राच्या संस्थांसाठी, म्हणजे आय.आय.टी., एन.आय.टी., केंद्रीय विद्यापीठे यांच्यासाठी जे प्रमाणपत्र लागते, त्यात कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, तो दुर्बल नाही! पाच एकर कुठली, हे कोणी विचारत नाही. कृष्णाकाठची उसाची पाच एकर आणि आष्टी-पाटोद्याच्या माळावरची पाच एकर या नियमाला सारखीच.

जरा हिशेब करू. कोरडवाहू पाच एकरांत सोयाबीन घेतले, एकरी सहा क्विंटल धरले, तर तीस क्विंटल झाले. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. तो पूर्ण मिळाला असे धरले, आणि बाजारात गेलेल्यांना ठाऊक आहे की मिळाला नाही, तरी हाती १,४६,७६० रुपये येतात. त्यातून नांगरट, बियाणे, खत, फवारणी, काढणी, मळणी वजा करा. उरले त्यावर वर्षभर घर चालवा. हा माणूस सबळ. आणि शहरात वर्षाला सात लाख नव्वद हजार पगार घेणारा, ज्याच्या नावावर गुंठाभरही शेत नाही, तो दुर्बल. यावर केंद्राने समिती नेमली होती. तिने २०२१ च्या अखेरीस अहवाल दिला. घराच्या क्षेत्रफळाची अट काढावी असे तिने सुचवले, पाच एकरांची ठेवावी असे सुचवले. शहरातला फ्लॅट सुटला, माळरान अडकले. 'इंडिया' आणि 'भारत' या दोन शब्दांचा अर्थ कुणाला अजून कळला नसेल, तर त्याने हा अहवाल वाचावा. आमची मागणी साधी आहे. जमिनीची अट पूर्ण काढा, उत्पन्न तेवढे बघा. ते जमत नसेल तर कोरडवाहू आणि ओलीत यांच्यात निदान फरक करा. सीलिंगचा कायदा करताना हा फरक सरकारला बरोबर कळला होता.

जाता जाता वारस नोंदीचे. आजोबा जाऊन दहा वर्षे झाली, सातबारा अजून त्यांच्याच नावावर. पीकविम्याला अडते, पीककर्जाला अडते, तसेच ते अल्पभूधारकाच्या दाखल्यालाही अडते. बापाच्या नावावर जमीनच नाही तर तो अल्पभूधारक कसला? पोरगी दहावीत गेली की घरातल्या वारस नोंदी पुऱ्या करून घ्या. भावाभावांचे वाद दोन वर्षे थांबू शकतात, प्रवेशाची तारीख थांबत नाही.

पैसा येतो कधी

एवढे सगळे करून अर्ज मंजूर झाला, तरी खरा जाच पुढे आहे. नियम असा आहे की, पात्र विद्यार्थ्याकडून कॉलेजने प्रवेशाच्या वेळी सवलतीची रक्कम घ्यायचीच नाही. निम्म्या सवलतीचा असेल तर निम्मीच फी घ्यायची. मुलींच्या माफीनंतर तर शासनाने कॉलेजांना तशा सूचना पुन्हा पुन्हा दिल्या. प्रत्यक्षात काय होते? 'आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ.' आम्हाला माहीत असलेल्या एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात हे वाक्य काउंटरच्या काचेवर छापून लावले होते.

या वाक्याची किंमत काढून बघा. समजा शिक्षण शुल्क ९०,००० आहे. विकास शुल्क ९,०००. विकास शुल्काला सवलत नाही, हेही लक्षात असू द्या, 'फी माफ' म्हणजे सगळेच माफ नव्हे. मुलाला सवलत ४५,००० ची. कॉलेजने ती आगाऊ मागितली. महिना जुलै-ऑगस्ट. खिशातला पैसा बियाण्या-खतात गेलेला, पीक शेतात उभे, पट्टी दिवाळीला. बँक पीककर्ज याआधीच देऊन बसलेली. तेव्हा ४५,००० रुपये शेकडा तीनने उचलले. शिष्यवृत्ती यायला चौदा महिने लागले. महिन्याला १,३५० व्याज, चौदा महिन्यांचे १८,९००. म्हणजे शासनाने दिलेल्या ४५,००० मधले १८,९०० सावकाराच्या घरी गेले. अर्थसंकल्पात मात्र पूर्ण ४५,००० शेतकऱ्याच्या पोराच्या नावावर खर्ची पडले. अशी अनुदाने आपल्या नावावर बरीच आहेत.

पैसा का लांबतो, त्याची काही कारणे सरकारकडे आहेत आणि काही आपल्या हातात आहेत. अर्ज आधी कॉलेजच्या कारकुनाकडे, मग प्राचार्यांकडे, मग जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या कचेरीत जातो. कुठल्याही पायरीवर त्रुटी निघाली की तो पोराच्या खात्यावर परत येतो आणि तिथेच पडून राहतो. पोराला वाटते अर्ज पुढे गेला, कारण नेट कॅफेवाल्याने पावती दिली. मोबाईल नंबरही पुष्कळदा कॅफेवाल्याचाच टाकलेला असतो! वापरकर्ता नाव, पासवर्ड आणि मोबाईल हे तिन्ही पोराचे स्वतःचे असावेत आणि महिन्यातून एकदा त्याने अर्ज कुठे आहे ते बघावे. सातबारा काढून फेरफार वाचता येणाऱ्या घरात हे अवघड नाही.

दुसरे, बँक खाते. शिष्यवृत्तीचा पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यावर येतो, अशी समजूत आहे. तो येतो आधारशी जोडलेल्या खात्यावर. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते जोडले, असे नाही. ते थेट लाभासाठी जोडावे लागते आणि जे खाते सर्वांत शेवटी जोडले, तिथे पैसा जातो. पीएम किसानचे हप्ते भलत्याच बँकेत गेलेले आपल्यातल्या कित्येकांनी अनुभवले आहे. तोच प्रकार इथेही होतो. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा असतो, हेही सांगून ठेवतो. पहिल्या वर्षी मंजूर झाले म्हणजे चार वर्षांचे झाले, असे समजून दुसऱ्या वर्षी बसून राहिलेली पोरे आम्ही दरसाल बघतो.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत २०२१ पासून साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस राज्याचा आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर पडतो आणि त्यातला फीचा भाग त्याने कॉलेजला भरायचा असतो. घरात अडचण असते, पैसा दिसतो, तो दवाखान्यात किंवा मळणीला खर्च होतो. मग कॉलेज गुणपत्रक अडवते. पैसा येताच आधी कॉलेजची पावती फाडून घ्यावी. आणि कॉलेजने कोणत्याही कारणाने मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली सगळ्यांना बजावले आहे. फी राहिली म्हणून दाखला कपाटात ठेवणाऱ्या प्राचार्यांना हे दाखवता येते.

कोणत्या कॉलेजची किती फी, हे ठरवण्याचे काम विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांसाठी २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरणाकडे आहे. त्याने मंजूर केलेला आकडा जाहीर असतो. ग्रंथालय, जिमखाना, गणवेश, 'इतर' अशा नावांनी त्याच्यावर जे चढवतात, त्याची वेगळी पावती मागा. पावती मागितली की पुष्कळ 'इतर' गळून पडते.

दुष्काळाची सवलतही विसरली जाते. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, पुढे १,०२१ महसूल मंडळांना सवलती लागू केल्या. त्या सवलतींत वीजबिल आणि कर्जवसुलीबरोबर विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी होती. किती पोरांना ती मिळाली, याचा हिशेब प्रत्येक तालुक्याने बैठकीत मांडावा. रक्कम लहान आहे, पण शासनाने दिलेला शब्द पाळला की नाही, ते यावरून कळते.

कर्ज काढायचे असेल तर

शिष्यवृत्तीने भागले नाही की शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, असा नियम आहे. तेव्हा चार लाखांसाठी सातबारा घेऊन या म्हणणाऱ्या मॅनेजरला नकार द्या आणि त्याचाही नकार लेखी मागा. 'तुमचे गाव आमच्या सेवाक्षेत्रात नाही' हे कारणही चालत नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२ साली ते बँकांना कळवले आहे. बापाचे पीककर्ज थकले म्हणून पोराचे कर्ज अडते, ही आजची सर्वांत मोठी अडवणूक आहे. सरकार निवडणुकीत कर्जमाफीचा शब्द देते, त्या शब्दावर थांबलेला बाप थकबाकीदार होतो, आणि त्याचा डाग पोराच्या शिक्षणावर पडतो. शैक्षणिक कर्जाला बापाच्या शेतीकर्जाची थकबाकी आड येऊ नये, ही मागणी आपण ठरावात घेतलीच पाहिजे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. विनातारण, विनाजामीन कर्ज, साडेसात लाखांपर्यंत ७५ टक्के हमी सरकारची, आणि आठ लाखांच्या आतल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. ऐकायला छान आहे. पण ती सुरुवातीला देशातल्या निवडक ८६० संस्थांपुरती काढली. आपल्या तालुक्याचे कॉलेज त्या यादीत बहुधा नाही.

कर्जाचा हिशेब मात्र पोराला समोर बसवून करावा. चार वर्षे दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख उचलले, दर दहा टक्के धरला, शिक्षण आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नाही, तर पहिला हप्ता सुरू होईपर्यंत साध्या व्याजानेच १,४०,००० चढतात. चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार होतात. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था नियमात बसत असतील, तर या काळातले व्याज केंद्र भरते. ती मागणी बँकेकडे वेळेवर, उत्पन्नाच्या दाखल्यासह नोंदवावी लागते. बँक आपण होऊन सांगत नाही. आणि ज्या कॉलेजात तीन वर्षे प्रयोगशाळा कुलूपबंद आहे, तिथल्या पदवीसाठी पाच लाख चाळीस हजार देऊ नका. त्यापेक्षा सरकारी तंत्रनिकेतन बरे. फी थोडी, आणि पोराच्या हाताला काम येते.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने एक वही आणावी. गाव, विद्यार्थ्याचे नाव, कॉलेज, योजना, अर्ज क्रमांक, अर्ज कुठल्या कचेरीत किती दिवस पडून आहे, कॉलेजने आगाऊ किती घेतले आणि त्याची पावती आहे की नाही, एवढे रकाने पुरेत. जिल्ह्याची एकत्र यादी करून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे आणि उच्च व तंत्रशिक्षणाच्या सहसंचालकांकडे एकाच दिवशी जायचे आहे. त्या दिवशी बापांनी एकटे येऊ नये. ज्यांचे अर्ज आहेत ती पोरे-पोरी बरोबर हवीत, मूळ पावत्यांसह. झेरॉक्स तिथे काढता येईल.